चौथं माणूस

थोरली वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेजारीण आजारी पडली की तिच्या घरचा स्वयंपाक ही करून द्यायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात नवी बाई लागली की तिचा हात भाजू नये म्हणून गरम यंत्रापुढे आधी ही उभी राहायची. पण जगात एक बाई अशी होती की तिचं बरं झालेलं थोरलीला बघवत नसे. ती म्हणजे तिची धाकटी जाऊ. धाकटीने नवे कप आणले की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. त्यातला एखादा फुटल्याचं कळलं की ती आपणहून जिने चढून जायची, "हात नाही ना गं कापला?" असं तोंडभर विचारायची, आणि उतरताना गुणगुणत उतरायची.

दोघी भावाभावांच्या बायका, दोघींची घरं एकाच सरकारी इमारतीत. थोरलीचं तळमजल्यावर, मागच्या बाजूला. एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीसमोर कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे दुसऱ्या इमारतीची पाठ. धाकटीचं तिसऱ्या मजल्यावर, पुढच्या बाजूला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गॅलरी! दुसरी खोली थोरलीने एक वेळ सहन केली असती, पण ती गॅलरी तिच्या डोळ्यांत सलायची, आणि त्याला कारणही होतं. थोरली कामावर करायची काय, तर इस्पितळाच्या चादरी वाळवायची. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, तापलेल्या रुळांमध्ये ती सरळ सोडायची, पलीकडे उभ्या असलेल्या दोघींनी ती कडक, गरमागरम ओढून घेऊन घड्या घालायच्या. एक सुरकुती दिसली तर मुकादमीण परत पाठवायची. असे ढीगच्या ढीग. आणि एवढं करून घरी यावं तर आपला टॉवेल बोळातल्या दोरीवर कालपासून ओलाच, कुबट वासाचा. पुढे अंगणात येऊन वर मान केली की तिसऱ्या मजल्यावर धाकटीचे कपडे उन्हात फडफडताहेत.

"अख्ख्या इस्पितळाचं वाळवते मी," ती नवऱ्याला म्हणायची, "आणि माझं मेलं पायपुसणंसुद्धा वाळत नाही."

नवरा बस चालवायचा. दिवसभर हॉर्न ऐकून आलेला माणूस तो. नुसतं हूं म्हणायचा.

त्यात पोरगी मोठी झाली. नर्सिंग शिकत होती. झोपायला स्वयंपाकघर, अभ्यासाला स्वयंपाकघर, आणि आरशात बघायचं झालं तर आईबापांच्या मधून वाट काढत जायचं. मैत्रिणीला ती कधी घरी आणायची नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "कुठे बसवू? सिलिंडरवर?" थोरलीला ते लागायचं. पोरीला निदान दार लावता येईल अशी एक खोली हवी, हे तिने मनात घट्ट धरलं होतं. आणि ती खोली दुसरीकडे कुठे नव्हती, धाकटीकडे होती, असं तिचं ठाम मत होतं.

त्याचं असं झालं होतं. घरं वाटली तेव्हा सगळं कुटुंब एकत्र, एका पडक्या भाड्याच्या घरात होतं. सासरे नुकतेच गेलेले. सासूबाई आणि थोरली यांचं तर विळ्याभोपळ्याएवढं सख्य. सासूबाईंनी "मीठ जास्त झालंय" म्हटलं की दुसऱ्या दिवशी थोरली मीठ घालायचीच नाही. घरांच्या ऑफिसात खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "आई कुणाकडे राहणार?" थोरली जमिनीकडे बघत राहिली. धाकटीच्या कडेवर तान्हं मूल होतं, तिला घरात हात हवा होता. ती म्हणाली, "माझ्याकडे लिहा." थोरलीने इतका मोठा सुस्कारा टाकला की कारकुनाने मान वर केली. बाहेर येऊन तिने नवऱ्याला स्वतःहून चहा पाजला.

किल्ल्या मिळाल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नियम साधा होता. तीन माणसांपर्यंत एक खोली, चौथं माणूस आलं की दोन. थोरलीकडे नवरा, बायको आणि मुलगी. धाकटीकडे नवरा, बायको, मुलगा आणि सासूबाई. ज्या बाईला टाळलं म्हणून थोरली हरखली होती, ती बाई पाठीवर एक अख्खी खोली घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढली!

"तिला माहीत होतं," थोरली तेव्हापासून म्हणत आली. "त्या भोळ्या चेहऱ्यावर जाऊ नका. सगळं माहीत होतं तिला." धाकटीला खरंच माहीत होतं की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक.

पुढे धाकटी औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागली. दिवसभर वर घर रिकामं. सासूबाई कंटाळून एक-एक पायरी उतरत खाली यायला लागल्या. थोरलीची पहाटपाळी, ती दुपारी घरी असायची. आधी सासूबाई नुसत्या दारात बसायच्या, मग जेवायला लागल्या, मग जेवून तिथेच लवंडायला लागल्या. गुडघे दुखले तर तेल थोरली चोळायची, नखं थोरली कापायची. मिठावरून भांडण चालूच होतं, पण आता ते दोघींच्या सवयीचं झालं होतं. दिवेलागणीला सासूबाई कठडा धरून वर जायच्या. झोपायला वर आणि बाकी सगळ्याला खाली, असा हिशेब होता.

त्यामुळे थोरलीच्या मत्सराला आता न्यायाचं बळ आलं. "सांभाळते मी आणि खोली भोगते ती!" वरच्या दुसऱ्या खोलीत सासूबाईंची कॉट एका कोपऱ्यात सरकवलेली. बाकी खोलीभर धाकटीचा सोफा, टीव्ही आणि मुलाचं टेबल. त्या टेबलावर दिवा होता, मानेत वळणारा. थोरलीने तो एकदाच पाहिला आणि नंतर आठवडाभर तिला तो दिसत राहिला.

मग फेरतपासणीची सूचना लागली.

दर काही वर्षांनी घरांचं ऑफिस सगळी घरं पुन्हा तपासायचं. माणसं किती, मिळकत किती, खोल्या किती, कोण पात्र राहिलं, कोण नाही, कुठे ओल आहे, कुठे कुणी चोरून भिंत घातली आहे. सूचना लागली की इमारतीच्या अंगात वारं शिरायचं. मिळवता झालेला मुलगा दोन दिवस मित्राकडे जायचा. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी "सहज" यायची आणि पोरंबाळंही घेऊन यायची. म्हाताऱ्यांना तर केवढा भाव! एरवी कुणी ज्यांच्याकडे ढुंकून बघत नाही, त्यांना नवे कपडे, गरम चहा आणि खिडकीजवळची जागा मिळायची. दुसऱ्या मजल्यावरच्या सुताराने मागच्या वेळी चुलतआजोबा आणून ठेवले होते, ते नंतर जाईनात. सहा महिने राहिले.

"यंदा आई आपल्याकडे," थोरलीने जाहीर केलं.

नवऱ्याने तोंडातला घास थांबवला. "म्हणजे?"

"म्हणजे खरं आहे तेच सांगायचं. जेवतात इथे, औषध घेतात इथे. मी काय खोटं बोलायला सांगतेय?"

"अगं, पण त्याची खोली जाईल. भाऊ आहे तो माझा."

"मग जा, भावाच्या गॅलरीत राहा."

पोरगी म्हणाली, "आई, मला नको गं असली खोली." थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुस्तक घेऊन बोळात गेली.

सासूबाईंना पटवायला थोरलीने दुपारची वेळ धरली. तेल जरा जास्तच कोमट केलं. गुडघे चोळता चोळता म्हणाली, "आई, तुमचे पाय बघा काय झालेत. तो जिना कुणी चढायला सांगितलाय? त्या ऑफिसच्या पाहणीबाई आल्या की सांगून टाका, मी इथे राहते म्हणून."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

एवढ्या सहज? थोरलीला वाटलं, निदान थोडे आढेवेढे घेतील. तिने खूश होऊन त्या दिवशी भाजीत मीठ अगदी बेताचं घातलं. तिला कुठे ठाऊक, की त्याच संध्याकाळी वर धाकटीने गरम दुधाचा पेला हातात देऊन म्हटलं होतं, "आई, विचारलं तर सांगाल ना, वरच राहते म्हणून?" आणि सासूबाई तिलाही "बरं" असंच म्हणाल्या होत्या.

थोरलीने शेजारणीची जुनी कॉट मागून आणली. खोलीत ती मावली खरी, पण मग माणसं मावेनात. नवऱ्याला शर्ट काढायचा तर कॉटवरून पलीकडे जावं लागायचं. तिने गादीवर चादर अशी ताणून घातली की धुलाईखान्याची मुकादमीण खूश झाली असती. आदल्या दिवशी वर जाऊन "स्वच्छ करून देते" म्हणत सासूबाईंची काठी, चष्म्याचं घर आणि औषधाच्या बाटल्या खाली आणल्या. धाकटीने सगळं मुकाट्याने नेऊ दिलं. तिथेच थोरलीने सावध व्हायला हवं होतं. पण विजय डोळ्यांसमोर दिसायला लागला की माणसाला बाजूचं दिसत नाही.

पाहणीबाई आल्या. सपाट चपला, खांद्याला पिशवी, हातात मोजायची फीत. कुणाकडे चहा घ्यायच्या नाहीत, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. त्यांनी तळमजल्यापासून सुरुवात केली. भिंतीला हात लावून ओल पाहिली, खिडकी उघडून समोरची भिंत पाहिली, आणि मग कॉटवर बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

"या कोण?"

"आमच्या सासूबाई. आमच्याकडेच असतात. ही त्यांची कॉट, ही काठी, ही औषधं." थोरलीने सगळं दाखवलं, घरात आलेल्या पाहुण्याला दागिने दाखवावेत तसं.

पाहणीबाईंनी टिपून घेतलं आणि वर गेल्या. थोरली दारात कान देऊन उभी. पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावरून बराच वेळ काही आवाज नाही. मग पाहणीबाईंचा आवाज आला, जिन्यात घुमला. "अहो खालच्या बाई, जरा वर या. आणि आजींनाही घेऊन या."

वर जाऊन थोरली बघते तर काय! दुसऱ्या खोलीतला सोफा गायब. कॉट खोलीच्या मधोमध, खिडकीखाली. उशाला नवीकोरी काठी. नवं चष्म्याचं घर. आणि टेबलावर त्याच औषधांच्या तशाच बाटल्या, धाकटीच्याच दुकानातल्या, अगदी सीलबंद.

"आजी एक," पाहणीबाई म्हणाल्या, "कॉटा दोन, काठ्या दोन. पाय मात्र दोनच दिसतात मला. काय ते खरं सांगा."

मग जे व्हायचं ते झालं. थोरलीने बाहेर येऊन तोंड सोडलं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या जिन्याच्या चौकात ओतलं. नखं कोण कापतं, तेल कोण चोळतं, आणि हिने काय केलं, तर कॉट कोपऱ्यात सरकवली. धाकटीही काही कमी नव्हती. "आणि तुम्ही ऑफिसात खिडकीशी माना खाली घालून उभ्या होतात ते? नकोशा होत्या तुम्हाला. मी घेतलं त्यांना. आता खोली दिसली म्हणून माया आली होय ताई?"

"मला ताई म्हणू नकोस!"

"मग काय म्हणू? तुम्ही माझे कपडे वाळतात तेसुद्धा मोजता. वरून दिसतं मला."

हे थोरलीच्या फारच वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. सगळे मजले दारात येऊन उभे राहिले. सुताराच्या बायकोने तर स्टूल आणलं.

पाहणीबाईंनी हात वर केला. "पुरे. वयस्कर माणसांना आम्ही एकटं विचारतो, तसा नियम आहे. आजी, चला आत." आणि त्यांनी सासूबाईंना आत नेऊन खोलीचं दार लावून घेतलं.

आता दोघी जावा दाराबाहेर. एका मिनिटात दोघींचे कान दाराला, एकीचा वरच्या फळीला, एकीचा खालच्या. एकमेकींचा श्वास एकमेकींच्या गालावर. आत बराच वेळ पाहणीबाईंचाच आवाज. मग शांतता. मग सासूबाईंचं काहीतरी पुटपुटणं. आणि मग हसू ऐकू आलं. सासूबाई हसत होत्या! थोरलीने इतक्या वर्षांत ते हसू ऐकलं नव्हतं. तिने धाकटीकडे पाहिलं, धाकटीने तिच्याकडे. तिनेही ऐकलं नव्हतं.

दार उघडलं. "काय सांगितलंत आई?" दोघी एकदमच.

"विचारलं ते सांगितलं," म्हणत सासूबाई कठडा धरून जिना उतरायला लागल्या. जेवायची वेळ झाली होती.

निकाल कळायला वेळ लागला. त्या दिवसांत थोरलीने सासूबाईंना काय काय नाही खाऊ घातलं! वर धाकटीही तेच करत असणार, कारण सासूबाईंचे गाल भरून आले. दोघींनी खोदून खोदून विचारलं. म्हातारी ताकास तूर लागू देईना.

शेवटी ऑफिसात बोलावणं आलं. दोन्ही भाऊ, दोघी जावा आणि सासूबाई, असे सगळे खिडकीशी उभे. कारकून आता दुसरा होता, तरुण, पण बोलायची पट्टी तीच. त्याने आधी धाकटीचं सांगितलं. घरात तीन माणसं, दोन खोल्यांची पात्रता राहिली नाही, एक खोली मिळेल, याच इमारतीत.

खरं सांगायचं तर थोरलीला त्या क्षणी इतका आनंद झाला की तिला तो लपवायला खोकावं लागलं. गॅलरी गेली! धाकटीचा चेहरा पडला, तिच्या नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि थोरली खोकत राहिली. आता आपलं. आता हा म्हणेल, चार माणसं, दोन खोल्या.

"तुमचं," कारकून म्हणाला, "तीन माणसं. एक खोली. बदल नाही. ओलीसाठी माणूस येईल बघायला."

"तीन? अहो चार! या आमच्या आई—"

"या दोन्हीकडे धरलेल्या नाहीत. आजींना स्वतंत्र मंजूर झालंय. एकट्या ज्येष्ठांच्या इमारतीत, तळमजल्यावर. आजी, इथे सही करता की अंगठा?"

"सही येते मला," सासूबाई म्हणाल्या, आणि सावकाश केली.

इतकी वर्षं सगळं घर सासूबाईंना चौथं माणूस म्हणून मोजत होतं. माझ्याकडचं चौथं की तुझ्याकडचं, एवढाच वाद. बाई स्वतःच पहिलं माणूस असू शकते, हे दोन मुलगे, दोन सुना, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. परतीच्या वाटेवर थोरलीचा नवरा एकदाच बोलला. "आईला सही येते?"

धाकटीला पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. सामान उतरवताना थोरली मदतीला गेली, तेवढं तिच्यात होतं. पण खोली पुढच्या बाजूची आहे आणि खिडकीत सकाळचं ऊन येतं, हे तिने आत पाय ठेवताच पाहिलं, आणि उचललेलं खोकं जरा जोरातच खाली ठेवलं. सोफा तिथे मावेना म्हणून धाकटीने विकायला काढला, तेव्हा थोरलीला थोडं बरं वाटलं. फार नाही. कारण आता तिच्या पोटात दुखायला नवीनच जागा झाली होती.

सासूबाईंची इमारत अंगण ओलांडून पलीकडे होती. येता जाता दिसायची. बैठी, पांढरी, प्रत्येक दारापुढे दोन हात ओटा, आणि ओट्यावर ऊन. सासूबाई दुपारी जेवायला यायच्या बंद झाल्या. "मी माझं करते गं," म्हणाल्या. माझं! या वयात त्यांना माझं म्हणायला सुचलं!

दहाबारा दिवस थोरलीने तोंड फिरवून काढले. मग नाही राहवलं. पाळी संपवून आली, भाजी केली, डब्यात भरली, आणि अंगण ओलांडून गेली. सवयीने दार ढकललं. दार उघडेना. आतून कडी होती.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

थोरलीला रागच आला. "मी! थोरली! तुमची सून!"

"थांब हं."

ती थांबली. चांगली थांबली. आत पाण्याचा आवाज झाला, काहीतरी सरकवल्याचा झाला. मग कडी निघाली. सासूबाईंनी केस विंचरलेले होते, कपडे धुतलेले, पण इस्त्री नव्हती. खोली छोटीशी. कॉट, कपाट, कोपऱ्यात शेगडी, आणि खुर्ची एकच. सासूबाई त्या खुर्चीत बसल्या. थोरली कॉटवर टेकणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तिथे नको गं, आत्ताच चादर घातलीय."

जन्मभर चादरी सरळ करणारी बाई चादरीपुढे उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला नको होता तसा झाला, "आम्ही दोघी इतक्या वाईट होतो का हो?"

"छे गं. दोघी चांगल्या. तू चोळतेस तसे गुडघे तर कुणीच चोळत नाही." सासूबाईंनी डबा उघडला, चव घेतली, मीठ ठीक असावं, कारण काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या बाईंनी मला विचारलं, आजी, तुम्हाला कुठे राहायचंय? मी म्हटलं, धाकटी म्हणते वर, थोरली म्हणते खाली. त्या म्हणाल्या, त्यांचं नाही विचारत, तुम्हाला कुठे राहायचंय? मला उत्तरच येईना. उभ्या जन्मात कुणी विचारलेलंच नाही. वडिलांनी नाही, यांनी नाही, पोरांनी नाही. मग मी म्हटलं, जिथे दाराला आतून कडी मी लावीन तिथे. आणि म्हटलं आणि मला माझंच हसू आलं."

थोरली खिडकीशी गेली. बाहेर दोरीवर सासूबाईंचा एकुलता एक टॉवेल वाळत होता. कोरडा ठणठणीत झाला असणार. तिने आजपर्यंत धाकटीचा हेवा केला होता तो गॅलरीसाठी, सोफ्यासाठी, टेबलावरच्या दिव्यासाठी. हा हेवा तसला नव्हता. हा तिच्या छातीत येऊन बसला आणि हलेना. आपल्यालाही कुणी विचारलं नाही. पन्नाशी उलटली. माहेरी बहिणींच्या गर्दीत झोपले, इथे नवऱ्याच्या आणि कपाटाच्या मध्ये. कडी आपण लावायची ती फक्त न्हाणीघराची, आणि तिथेही कुणीतरी बाहेरून दार वाजवतंच.

"काय लागतं हो आई, अशी खोली मिळायला?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वय लागतं. आणि माणूस एकटं लागतं. जोडप्याला नाही देत."

थोरली मान हलवत राहिली. वयाचं काय, ते होईलच. पोरगी शिकून, लग्न होऊन आपल्या घरी जाईल. मग उरलो आम्ही दोघं. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. त्यात त्यांचं रक्तदाबाचं. त्यात दिवसभर ते स्टिअरिंग आणि सुटत नसलेली बिडी. डॉक्टरही गेल्या वेळी म्हणालेच होते की...

आणि आपण काय मोजतोय हे तिच्या लक्षात आलं.

"येते मी," एवढंच म्हणून ती निघाली. डबाही घेतला नाही. मागून सासूबाई म्हणत होत्या, "अगं, बस की. खुर्ची देते ना," पण ती अंगणात पोचली होती.

घरी नवरा नुकताच आला होता. बूट न काढताच पलंगाच्या कडेला बसून मान चोळत होता. मानेवर कॉलरचा घामट काळा पट्टा. थोरली त्याच्याकडे बघत दारातच उभी राहिली. मग आत जाऊन चहा ठेवला. आणून त्याच्या हातात दिला, आणि खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

तो घाबरलाच. "काय गं? काय झालं? कुणाचं काही बरंवाईट?"

"कुणाचं काही झालेलं नाही," ती मान वर न करता म्हणाली. "आणि होणार नाही. गप्प चहा प्या."